बसायचा कायदा

ओतिलिया बावीस वर्षं बूट विकते आहे
पुएब्लातल्या त्या एकाच दुकानात.
दारावरचा पितळी घोडा तेवढा तिच्याआधीचा.

गिऱ्हाईक येतं, बसतं, पाय पुढे करतं.
ती वाकते, नाडी सोडते,
अंगठ्यापाशी दाबून विचारते, इथे लागतंय का?
आणि उठते, पंचवीस नंबर आणायला.
माळ्याच्या एकोणीस पायऱ्या.
मग साडेपंचवीस. मग तोच, पण तपकिरी.
गादीचे सहा बाक आहेत दुकानात,
त्यांच्या हिशेबात तिचे पाय धरलेले नाहीत.

आई साऱ्या गल्लीला सांगायची,
माझी ओतिलिया आपल्या पायांवर उभी आहे.
खरंच होतं ते.
सकाळी दहा ते रात्री आठ.

पोटऱ्यांवर निळ्या शिरा अशा उमटल्यात
की नातू त्यांवरून बोटानं गाडी चालवतो,
वळण आलं की हॉर्न देतो.

मग राजधानीत कायदा झाला.
बसलेल्या माणसांनी बसून बराच वेळ
उभं राहण्यावर चर्चा केली.
बातमी तिनं उभ्या उभ्याच ऐकली,
कोपऱ्यावरच्या टॅकोच्या गाडीवर, रेडिओ खरखरत असताना:
कामाच्या जागी खुर्ची द्यायची,
पाठ टेकता येईल अशी.
नायेली म्हणाली, खुर्ची मिळणार म्हणजे
आता निवडणूकच लढवू आपण.

खुर्ची जुलैत आली. एक.
बायका सात.
सेन्योर बार्रागाननी ती गल्ल्यामागे ठेवली,
प्लास्टिकचं आवरण न काढता,
आणि वर भिंतीला कागद चिकटवला:
गिऱ्हाईक नसताना. दहा मिनिटं. वहीत सही करून.
वाईट माणूस नाही तो.
वरून आलं, ते त्यानं खाली चिकटवलं.
मोंतेर्रेच्या मुख्य कचेरीत कुणी तरी मांडला असेल हिशेब,
बसलेली बाई किती जोड कमी विकते याचा,
आणि चुकला असला तरी
छान छापलेला असेल.

एका मंगळवारी इन्स्पेक्टर आला, कोवळा पोरगा.
खुर्चीचा फोटो काढला.
ओतिलियानं विचारलं, कुणी बसलेलं हवं का?
नको, म्हणाला, खुर्ची दिसली की झालं.
त्याच्या डाव्या बुटाचा तळ सुटला होता.
तिला दिसणारच.

पहिल्या महिन्यात वहीत तीन सह्या.
तिन्ही बार्रागानच्या.

शाळा उघडायच्या आधीचा शनिवार.
दुकानात पोरंच पोरं, उघडे डबे, एकेकटे बूट.
नायेलीला सातवा महिना.
ती गल्ल्यामागे गेली आणि बसली.
सही नाही, काही नाही.
प्लास्टिक चरचरलं, एवढ्या गोंगाटात ऐकू आलं.
बार्रागान निघाले तिच्याकडे,
तोंडात वाक्य तयार,
तेवढ्यात ओतिलिया मध्ये उभी,
हातात दोन रिकामे डबे:
साडेबावीस काळा संपलाय, सेन्योर.
माळ्यावर बघता का जरा?

उभ्या आयुष्यात तिनं त्यांना
काम सांगितलं नव्हतं.
का कोण जाणे, ते गेले.
एकोणीस पायऱ्या. वर खोकी सरकल्याचा आवाज.
पुन्हा एकोणीस.
खाली आले तेव्हा एक हात कठड्यावर होता
आणि डबा चुकीचा, साडेतेवीस.
त्यांनी नायेलीकडे पाहिलं,
भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं.
ओतिलिया म्हणाली, हा नाही.
ते पुन्हा वर गेले.

कागद अजून तिथेच आहे, खुर्चीही एकच.
ओतिलिया अजून तिच्यावर बसलेली नाही.
विचारलं तर म्हणते,
एकदा बसले की उठवत नाही गं मला.
परवा मात्र दुकान बंद करताना
तिनं खुर्चीचं प्लास्टिक सोलून काढलं,
नीट घडी घातली,
पिशवीत ठेवलं.
नातवाच्या वह्यांना होईल.